फी माफ आहे, मग पोर घरी का?



बारावीचा निकाल लागला. पेढे वाटून झाले, मोबाइलवर फोटो टाकून झाले. ज्या घरात पोरगी पास झाली आहे, त्या घरात आता रात्री जेवणं उरकल्यावर काय बोलणं चालतं ते आम्हांला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी गटाच्या बैठकीत तेच आमच्या कानावर येतं. 'शिकवायचं तर आहे हो, पण झेपलं पाहिजे ना.' थोडा वेळ जातो आणि दुसरं वाक्य येतं, 'एक स्थळ आलंय.'

ही दोन वाक्यं एकापाठोपाठ येतात, हे तुम्हीही ऐकलं असेल. पहिल्याचा हिशेब मांडलाच जात नाही म्हणून दुसरं लवकर येतं. आज आपण तो हिशेब मांडू. कॉलेजला खरोखर किती पैसे लागतात, त्यातले कोणते सरकार देतं, कोणते आपल्यालाच उभे करावे लागतात, आणि कॉलेजात रोज जाणं जमतच नसेल तर दुसऱ्या वाटा कोणत्या. दहावी-बारावीला शिक्षण सुटलेल्या तुम्ही स्वतः ऐकत असाल, तर तुमच्यासाठीही पुढं बोलणार आहोत. रेडिओ बंद करू नका.

गेल्या महिन्यात आम्ही बैठकीत एक गंमत केली. सगळ्यांना विचारलं, पोरीच्या कॉलेजला सगळ्यात जास्त पैसा कशाला लागतो? सगळ्या म्हणाल्या, फीला. मग फळ्यावर एकेक खर्च लिहीत गेलो. फी, एसटी, खोली किंवा होस्टेल, खानावळ, पुस्तकं, झेरॉक्स, मोबाइलचा रिचार्ज, सणाला घरी यायचं भाडं, अंगावरचे दोन ड्रेस. तालुक्याच्या अनुदानित कॉलेजात बी.ए. किंवा बी.कॉम. करायचं तर फी सगळ्यांत खाली गेली. वर राहिलं ते जाणं-येणं, राहणं आणि खाणं. म्हणजे घराघरात अडतं ते फीवर नाही, अंतरावर. शहरातल्या पोरीला कॉलेज सायकलच्या टप्प्यात असतं. आपल्या पोरीला त्याच कॉलेजसाठी सकाळी सहाची गाडी पकडावी लागते.

आणि त्यात एक खोच आहे. बारावीपर्यंत खेड्यातल्या पोरीला अहिल्यादेवी होळकर योजनेतून एसटीचा पास फुकट मिळतो. बारावी झाली की तो बंद. ज्या वर्षी कॉलेज लांब जातं, त्याच वर्षी फुकटचा पास हातून जातो! मात्र विद्यार्थ्यांचा सवलतीचा मासिक पास पुढंही मिळतो. त्यात तिकिटाचा साधारण एक तृतीयांशच भाग आपल्याला भरावा लागतो. बाईमाणसाला अर्धं तिकीट आहेच, म्हणून कितीतरी पोरी रोज अर्धं तिकीट काढून जातात. रोज जाणारीला मासिक पास त्याहून स्वस्त पडतो. कॉलेजचा दाखला घेऊन डेपोत जायचं, एवढंच काम आहे.

आता फी माफीकडं येऊ, कारण तिच्याबद्दल अर्धवट ऐकून फार घोळ होतात. 'मुलींना सगळं शिक्षण मोफत झालंय' असं पारावर कुणीतरी म्हणतं, कॉलेजात गेल्यावर पैसे मागतात, आणि आईबाप म्हणतात, सरकारचं काही खरं नाही. म्हणून नीट ऐका. महाराष्ट्र शासनाने २०२४ च्या जुलैमध्ये निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग या गटांतल्या ज्या मुलींच्या घरचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी ते निम्मं माफ होतं. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त यांच्या पोरींसाठी शिष्यवृत्तीच्या आणि फी माफीच्या वेगळ्या योजना आधीपासून आहेत.

यातला एकेक शब्द महत्त्वाचा आहे. 'व्यावसायिक' म्हणजे इंजिनीयरिंग, फार्मसी, शेतकी, वैद्यकीय, व्यवस्थापन असले अभ्यासक्रम. साधं बी.ए. त्यात येत नाही. त्याची फी मुळात कमी असते आणि त्याची शिष्यवृत्ती निराळी असते. दुसरं, प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. तिला कॅप म्हणतात. कॉलेजवाल्याने 'आमच्याकडं थेट या, जागा देतो' म्हटलं आणि आपण व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला, तर माफी गेली. खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांनाही ही माफी लागू नाही, त्यांची जाहिरात रस्त्यावर कितीही मोठी असू दे. तिसरं, माफ होतं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. होस्टेल, खानावळ, गणवेश, आणखी कसली कसली शुल्कं माफ होत नाहीत. म्हणून कॉलेजात गेल्यावर एकच आकडा तोंडी ऐकून परत येऊ नका. फीचा तक्ता कागदावर मागा आणि त्यातलं शिक्षण शुल्क किती, बाकीचं किती, हे बोट ठेवून विचारा. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या पोरीकडून शिक्षण शुल्क आगाऊ घेऊ नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. तरी मागितलं, तर 'हे लिहून द्या' म्हणायचं. 'लिहून द्या' म्हटलं की पुष्कळ गोष्टी मऊ होतात, हा आमचा अनुभव आहे.

आणखी एक. बी.बी.ए., बी.सी.ए. या पदव्यांनाही २०२४ पासून सीईटी ही प्रवेश परीक्षा आली. तिचे अर्ज बारावीचा निकाल लागायच्या कितीतरी आधी भरायचे असतात. निकालानंतर जागी होणारी पोर तिथं हुकते. तुमच्या घरात यंदा बारावीला जाणारी कुणी असेल, तर दिवाळी झाली की शाळेतल्या सरांना 'सीईटीचे फॉर्म कधी?' असं विचारत राहा. आपल्याला त्यातलं कळत नाही म्हणून गप्प बसायचं नाही. तारीख विचारायला शिकलेलं असावं लागत नाही.

फी सुटली तरी राहणं-खाणं उरतंच. त्यासाठी पहिला दरवाजा सरकारी वसतिगृहाचा. समाजकल्याण विभागाची आणि आदिवासी विकास विभागाची मुलींची वसतिगृहं जिल्ह्याच्या आणि पुष्कळ ठिकाणी तालुक्याच्या गावी आहेत. तिथं राहणं-जेवण फुकट. जागा कमी आणि अर्ज जास्त, हे खरं. जागा मिळाली नाही तर तिथंच थांबू नका, कारण जागा न मिळालेल्यांसाठीच पुढच्या योजना आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना, आणि इतर मागास, भटके-विमुक्त, विशेष मागास यांच्यासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. यांत खोली-जेवणाचे पैसे पोरीच्या खात्यावर येतात. स्वाधार आणि आधारमध्ये पुणे-मुंबई-नागपूरसारख्या शहरांत ही रक्कम वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत जाते, लहान गावी ती कमी असते. ज्यांना या कशातच बसता येत नाही, अशा शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. तीही पाहा.

एक योजना मुद्दाम वेगळी सांगतो, कारण बैठकीत ती सांगितली की बायका एकमेकींकडं बघतात. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ. आपल्यातल्या कितीजणींचे मालक गवंडीकाम करतात, सेंट्रिंगला जातात? तुमच्यापैकी कितीजणी बिगारी म्हणून जाता? वर्षात नव्वद दिवस ते काम केलं असेल तर नोंदणी करता येते. नोंदणी असली की पहिल्या दोन मुलांना पदवीच्या शिक्षणासाठी दर वर्षी २० हजार, इंजिनीयरिंगसाठी ६० हजार आणि डॉक्टरकीसाठी एक लाख रुपये साहाय्य मिळतं. आणि पुरुष कामगाराची नोंदणी असेल, तर त्याची बायको शिकत असली तरी तिला ते मिळू शकतं. हो, बायकोला. लोक नोंदणी करतात, त्यातून भांड्यांचा संच आणतात आणि कार्ड ट्रंकेत ठेवून देतात. भांडी चांगलीच आहेत, पण ते कार्ड बाहेर काढा.

आता कागद. खरं सांगायचं तर आमच्या पाहण्यात योजना नाकारली गेलेल्या पोरी कमी, आणि कागदात अडकलेल्या जास्त. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, लागत असेल तिथं नॉन-क्रिमिलेअर, बारावीचं गुणपत्रक आणि आधार कार्ड हे सगळं हाताशी हवं. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर जायचं तर जात पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं. ते काही आठ दिवसांत मिळत नाही. अकरावी-बारावीत असतानाच त्याचा अर्ज गेला पाहिजे. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुना खासरा, कोतवाल बुकातली नोंद, असं काय काय शोधत फिरावं लागतं. ते काम उन्हाळ्याच्या सुट्टीत करायचं. जूनमध्ये पेरणीही असते आणि सेतू केंद्रावर रांगही असते.

आणि बँकेचं खातं. पैसे पोरीच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. खात्याला आधार नंबर दिला की झालं, असं वाटतं, पण तसं नाही. थेट लाभाचे पैसे यायला तेच खातं जोडलेलं आहे का, हे बँकेत विचारून खात्री करावी लागते. तीन खाती असली की पैसा भलत्याच खात्यात जातो आणि पोर म्हणते, 'माझी शिष्यवृत्ती आलीच नाही.' अर्ज एकदा केला म्हणजे तीन वर्षांची सोय झाली असंही नाही. दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. दुसऱ्या वर्षाला ते राहून जातं, कारण तेव्हा कुणाचं लक्ष नसतं. आमच्या गटात आता एक वही आहे. कुणाच्या पोरीचा अर्ज कुठवर आला, हे बचतीच्या हप्त्याबरोबर तिच्यात लिहिलं जातं.

लग्न झालेल्या बाईची अडचण वेगळी. गुणपत्रकावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला लागतो. लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत केली नसेल तर आधी ती करा. आणि जातीचा दाखला लग्नानंतरही माहेरच्या, म्हणजे वडिलांच्या कागदांवरूनच निघतो. त्यामुळं भावाशी बोलणं चालू ठेवा, असं आमच्यातली एक हसत म्हणते.

आता जरा कडू बोलतो. मागच्या वर्षी शेजारच्या तालुक्यातली एक आई आमच्याकडं आली. पोरीला नर्स व्हायचं होतं. बसस्टँडजवळच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर 'नर्सिंग'चा वर्ग होता. एक वर्षाचा कोर्स, नोकरीची हमी, फी ४५ हजार. आईने २५ हजार गटातून काढले, बाकीचे शेळ्या विकून भरले. वर्ष संपलं, सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळालं. जिल्ह्याच्या दवाखान्यात जागा निघाल्या तेव्हा पोर ते घेऊन गेली. तिथल्या बाईंनी कागद उलटा-सुलटा करून विचारलं, 'कौन्सिलचा नोंदणी नंबर कुठाय?' तो नव्हताच. ती पोर आज एका खासगी दवाखान्यात चादरी बदलते, आणि आई गटाचा हप्ता फेडते आहे. पोर हुशार होती, आई कष्टाळू होती, पैसाही उभा राहिला होता. तो भलत्या दारात गेला.

म्हणून हे पाठ करून ठेवा. नर्सिंगमध्ये ए.एन.एम. दोन वर्षांचं, जी.एन.एम. तीन वर्षांचं आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. संस्थेला भारतीय परिचर्या परिषदेची आणि राज्याच्या परिषदेची मान्यता आहे का, हे विचारायचं आणि यादीत नाव बघायचं. सहा महिन्यांत किंवा घरबसल्या कुणी नर्स होत नाही. नर्सिंग, फार्मसी, इंजिनीयरिंग, डॉक्टरकी, वकिली यांच्या पदव्या पत्राने किंवा ऑनलाइन द्यायला विद्यापीठ अनुदान आयोगाची परवानगीच नाही. तसं कुणी विकत असेल तर तो आपल्याला फसवतो आहे, मग तो नात्यातला का असेना. आयोग बोगस विद्यापीठांची यादीही जाहीर करतो. कॉलेजातल्या कुणा पोराला सांगितलं तर मोबाइलवर पाच मिनिटांत दाखवेल.

कमी पैशातली एक पक्की वाट आपण फार हलकी समजतो, ती म्हणजे आयटीआय आणि तंत्रनिकेतन. दहावीनंतर सरकारी आयटीआयची फी फार थोडी. दोन वर्षांचा ट्रेड केला की तंत्रनिकेतनाच्या पदविकेला थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. पदविका केली की इंजिनीयरिंगच्या पदवीला पुन्हा थेट दुसऱ्या वर्षात. म्हणजे ज्या पोरीला बारावी सायन्सचे महागडे क्लास लावता आले नाहीत, तीही पायरीपायरीने इंजिनीयर होऊ शकते. आणि प्रत्येक पायरीवर तिच्या हातात पोटापुरतं काम देणारा कागद असतो. मध्येच थांबावं लागलं तरी हात रिकामे राहत नाहीत, हे आम्हांला या वाटेचं सर्वांत आवडतं. पोरींच्या राहण्याची काळजी असेल तर लातूर, तासगाव आणि यवतमाळ इथं सरकारची मुलींसाठीची निवासी तंत्रनिकेतनंच आहेत. 'आयटीआय म्हणजे पोरांचं' असं म्हणणाऱ्यांना इलेक्ट्रिशियन झालेल्या पोरी दाखवा. आमच्या गावची मोटार बंद पडली की आता लोक तिलाच फोन करतात.

दुसरी वाट काम करून शिकायची. ही आपल्या मातीतलीच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, आणि पुढं साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र राबायची आणि शिकायची. त्या पोरांच्या पोटाला कमी पडलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. कर्मवीरांचं नाव सगळे घेतात. आम्ही बैठकीत लक्ष्मीबाईंचंही घेतो. १९४७ साली साताऱ्यात संस्थेचं पहिलं कॉलेज निघालं, तेही कमवा आणि शिका याच रीतीवर. आज 'कमवा व शिका' योजना राज्यातल्या पुष्कळ कॉलेजांत आहे. ग्रंथालयात, ऑफिसात, बागेत, प्रयोगशाळेत रोज दोन-तीन तास काम करायचं आणि तासावर पैसे घ्यायचे. त्यात घर चालणार नाही, पण खानावळीला हातभार लागतो, आणि मुख्य म्हणजे पोर दर वेळी बापापुढं हात पसरत नाही. प्रवेश झाल्याझाल्या विचारावं लागतं, कारण जागा मोजक्या असतात.

आता मुक्त विद्यापीठ. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं. त्याची अभ्यासकेंद्रं राज्यभर आहेत, बहुतेक आपल्याच तालुक्याच्या कॉलेजात. पुस्तकं मराठीत मिळतात. ती आपली आपण वाचता यावीत अशीच लिहिलेली असतात. तास बहुधा रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी भरतात. गृहपाठ लिहायचे आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. दिल्लीचं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठही आहे, १९८५ पासून. त्यात वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, प्रवेश मिळतो. तीन वर्षांची पदवी सहा वर्षांत पुरी केली तरी चालते. बाळंतपण आलं, सासू आजारी पडली, ऊसतोडीला जावं लागलं, तरी नाव कटत नाही. मात्र तिथं बराचसा अभ्यास इंग्रजीत किंवा हिंदीत असतो, त्यामुळं माध्यम विचारून घ्या. मान्यता असलेल्या मुक्त विद्यापीठाची पदवी नेहमीच्या कॉलेजच्या पदवीच्या बरोबरीची आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली पुन्हा स्पष्ट केलं. स्पर्धा परीक्षेलाही ती चालते.

इथं आमचं एक मत आहे आणि ते आम्ही लपवत नाही. अठरा वर्षांच्या पोरीला पहिली पसंती मुक्त विद्यापीठाची देऊ नका. स्वस्त आहे, घरी राहील, काळजी नाही, असं वाटतं. पण घरी राहिलेली पोर अभ्यास करते असं कुणाला वाटतच नाही. 'घरीच आहेस ना, मग जरा भाकरी टाक, जरा लहान्याला बघ, जरा खुरपायला ये.' पुस्तकांचा गठ्ठा वर्षभर तसाच राहतो, आणि वर्षाच्या शेवटी स्थळवाल्यांना सांगायला 'बाहेरून बी.ए. करते' एवढं वाक्य तयार होतं. शिवाय कॉलेज म्हणजे नुसती पुस्तकं नाहीत. ग्रंथालय आहे, मैत्रिणी आहेत, एकटीनं बस बदलणं आहे, साहेबाशी नजर वर करून बोलणं आहे. ते घरात मिळत नाही. जिथं रोज जाणं शक्य आहे तिथं रोज जाऊ द्या. जिथं खरोखर शक्य नाही तिथं मुक्त विद्यापीठ, आणि तिथं घरातल्यांनी दिवसातले दोन तास तिला मोकळे दिले पाहिजेत. त्या दोन तासांची बोली प्रवेश घेतानाच व्हावी.

पण मैत्रिणींनो, तुमच्या-आमच्यासाठी मात्र पहिली पसंती तीच. जिचं शिक्षण लग्नाने सुटलं, जिची पोरं आता शाळेत जातात, जिला उद्या अंगणवाडीत किंवा बँक सखी म्हणून काम करायचं आहे, तिच्यासाठीच ही वाट आहे. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस दोघींच्याही भरतीला आता बारावी पास लागते, हे ठाऊक आहे ना? दहावीवर थांबलेल्या कितीजणींचे अर्ज आमच्या डोळ्यांसमोर परत आले.

बारावी नसेल तर आधी बारावी. त्याला दोन दारं आहेत. एक आपल्या राज्य मंडळाचं, बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म. दुसरं राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचं. तिथं वयाला वरची मर्यादा नाही, आणि एकदा नाव घातलं की पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसता येतं. जो विषय सुटला तो सुटला, उरलेला पुढच्या वेळी. यंदा गृहविज्ञान, पुढच्या खेपेला अर्थशास्त्र, असं करत करत बाई पुढं जाते. पूर्वतयारी परीक्षेवर थेट पदवीला गेलेल्या बायकाही आहेत, आणि त्यांचं शिकणं काही खोटं नाही. पण नोकरीत जिथं बारावीचं गुणपत्रक मागतात तिथं त्यांचं अडतं. म्हणून आम्ही सांगतो, वर्ष-दीड वर्ष जास्त जाऊ द्या, पण बारावी करून घ्या.

आमच्या गटातल्या चौघी सध्या मुक्त विद्यापीठात आहेत. मोठी त्रेचाळीस वर्षांची. दर मंगळवारी दुपारी समाजमंदिरात बसतात. एकजण मोठ्यानं वाचते, बाकीच्या शेंगा फोडत ऐकतात, आणि प्रत्येकीने एक प्रश्न विचारायचाच असा नियम आहे. गृहपाठ लिहायची वेळ आली तेव्हा हात दुखायला लागले, कारण वीस वर्षांत सहीपलीकडं पेन धरलं नव्हतं. तिघींच्या घरी ठाऊक आहे. चौथीच्या सासऱ्यांना अजून वाटतं की गटाची बैठक जरा जास्तच लांबते.

शेवटी पैसे उचलायची गोष्ट. गटाचं कर्ज शिक्षणाला घ्यावं का, असं सारखं विचारतात. पुरं शिक्षण त्यावर काढू नये, असं आम्हांला वाटतं. महिना दोन टक्क्यांनी ४० हजार उचलले तर पहिल्याच महिन्यात ८०० रुपये नुसतं व्याज, आणि पोर कमवायला लागायला अजून तीन वर्षं. म्हैस घेतली तर दुसऱ्या महिन्यापासून दूध देते. पोरीचं शिक्षण तसं नाही. बँकेचं शैक्षणिक कर्ज त्यासाठीच आहे. चार लाखांपर्यंत जमीन किंवा दागिना तारण द्यावा लागत नाही, आई किंवा बाप सहकर्जदार असतो, आणि हप्ते शिक्षण पुरं झाल्यावर काही महिन्यांनी सुरू होतात. व्याज मात्र आधीपासून चढतं, हे विसरू नका. आणि शाखेत 'आमच्याकडं नाही होत' म्हटलं तर अर्ज तरी घ्या आणि नाकारल्याचं लेखी द्या, असं म्हणायचं.

गटाचा पैसा कामी येतो तो मधल्या खाचेत. प्रवेश जुलैत, शिष्यवृत्ती येते कधी फेब्रुवारीत, कधी त्याहून उशिरा. तेवढ्यापुरते पाच-सात हजार, खोलीचं डिपॉझिट, पहिल्या महिन्याची खानावळ, यासाठी गटाने कमी व्याजाचं वेगळं खातं ठेवावं. आम्ही दोन वर्षांपूर्वी दर बाईमागं महिना दहा रुपये जास्त काढून ते सुरू केलं. आतापर्यंत सहा पोरींनी उचल घेतली, पाचजणींची शिष्यवृत्ती आली तशी परत आली. सहावीचा अर्ज बँकेच्या आधार जोडणीत अडकला आहे. त्यासाठी आमच्यातल्या दोघी येत्या सोमवारी तिच्याबरोबर तालुक्याला जाणार आहेत. तुमच्याकडंही असं कुणाचं अडलं असेल, तर गुरुवारी दुपारी दोन ते पाच आम्ही केंद्रावर आहोत. येताना पोरीला बरोबर आणा, आणि आधार, पासबुक, गुणपत्रक, जो कागद असेल तो पिशवीत घालून आणा. जो नसेल तो कुठून काढायचा ते बसून बघू.